आंदणाचा मोह

आमच्या प्रयोगशाळेत हल्ली लोक लाकडं घेऊन येतात. पूर्वी अर्ज आणि पाकिटं घेऊन यायचे. आता कोणी दाराची चौकट आणतं, कोणी बैलगाडीचं जू, आणि मागच्या महिन्यात तर एका गृहस्थांनी आजोबांचा अख्खा पलंग टेम्पोत घालून आणला. पलंगाच्या पायात तीस वर्षांपूर्वीची गोळी होती. ती दरोडेखोरांच्या बंदुकीतून सुटली की घरातल्याच, एवढं त्यांना जाणून घ्यायचं होतं. घरातलीच निघाली. गृहस्थ पलंग न घेताच परत गेले आणि तो अजून आमच्या व्हरांड्यात आहे. दुपारी त्यावर शिपाई झोपतो.

हा सगळा उपद्व्याप माझा. वाळवी मी बनवली.

बंदुकीच्या नळीला आतून पीळ दिलेला असतो. गोळी त्या पिळातून फिरत बाहेर पडते आणि नळीतल्या बारीकसारीक ओरखड्यांची नक्कल अंगावर घेऊन जाते. दोन नळ्यांचे ओरखडे कधी सारखे नसतात. म्हणून संशयित बंदूक हाती आली की आम्ही तिच्यातून पाण्याच्या लांब हौदात एक गोळी झाडतो. पाणी तिला काही फुटांत थोपवतं, ती तळाशी जाऊन बसते, आणि तिच्यावर नवा चरा पडत नाही. मग गुन्ह्याच्या जागची गोळी तिच्याशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि ओरखडे जुळतात का ते पाहायचं. अडचण असते ती या दुसऱ्या गोळीची. लाकडात घुसली असेल तर ती काढायची कशी? करवत, छिन्नी काहीही लावा, आपल्याच हत्यारांचे चरे तिच्यावर उठतात. आम्ल ओतलं तर लाकडाआधी धातूच जातो.

वाळवी चौकट खाते पण खिळ्याला तोंड लावत नाही, हे घर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी वाळवीच्या पोटातली आणि कुजक्या लाकडावरच्या बुरशीतली सहा विकरं, म्हणजे एन्झाइम, निवडली, त्यांना जरा सुधारलं आणि एक पातळ द्राव केला. त्याचंच नाव वाळवी. बारीक भोकातून तो गोळीभोवती सोडायचा. आठ-दहा दिवसांत तेवढ्याच लाकडाचा लगदा होतो आणि गोळी काचेच्या नळीत अलगद उतरते. मिठाचं पाणी सोडलं की द्रावाचं काम थांबतं. इतकं सोपं आहे, आणि याला मला अकरा वर्षं लागली.

दोन पुरस्कार मिळाले. भाषणांमध्ये मी 'न्यायाच्या सेवेसाठी' वगैरे बोलले. थाप होती ती. मी वाळवी बनवली ती एका गोळीसाठी. माझ्या बापाच्या.

माझे बाबा, हेमराज कापगते, गोंदिया जिल्ह्यात वनरक्षक होते. आमच्याकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. मी कॉलेजात होते तेव्हा, एप्रिलमधल्या एका पहाटे, त्यांच्या हद्दीत जैतू कुमरे नावाचा माणूस छातीत गोळी लागून मेला. गोळी आरपार गेली, ती सापडली नाही. त्या पहाटे बाबांच्या सरकारी रायफलीतून एक गोळी सुटली होती, हे बाबांनी स्वतःच सांगितलं, आणि काडतुसांच्या सरकारी हिशोबातही तेवढं एकच कमी भरलं. नाल्यात अस्वल होतं, त्याला हुसकायला मी रायफल वर करून बार काढला, गोळी वर मोहाच्या झाडात गेली असणार, असा त्यांचा जबाब. पंचांनी मोहाचं झाड पाहिलं. त्यात गोळी नव्हती.

खटला चार वर्षं चालला आणि बाबा संशयाचा फायदा मिळून सुटले. कायद्याच्या भाषेत हा फायदा असतो. गावात त्याचा अर्थ 'केलं यानंच, फक्त सापडला नाही' असा होतो. बाबांना पुन्हा जंगलात कधीच पाठवलं नाही. लाकूड आगारात कापलेले ओंडके मोजत ते निवृत्त झाले. आई गेली तीही हा संशय उशाशी घेऊन. त्यानंतर ते नागपुरात माझ्याकडे आले. पूर्वी ते बडबडे होते असं म्हणतात, मला ते आता नीट आठवतही नाही.

जुन्या खटल्यांचे पुरावे पुन्हा तपासायचा कायदा दोन वर्षांपूर्वी आला. मी त्याच आठवड्यात अर्ज भरून बाबांसमोर ठेवला. ते लाखोळीची भाजी निवडत बसले होते.

"सही करा."

त्यांनी कागद वाचला आणि भाजीच्या देठांखाली सरकवला. "नको, पोरी."

"का नको? झाडात गोळी असेल तर सापडेल."

"झाडात नाई ते. पंचायनं पाह्यलं."

"पंचांनी डोळ्यांनी पाहिलं. जखम भरली की साल वर येते, डोळ्यांना काय दिसणार? माझ्याकडे किरणयंत्र आहे."

त्यांनी आणखी एक देठ मोडला. मग जे बोलले ते मी एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मी रायफल वर केली हे मले आठवते. खाली मोहाची फुलं पडली होती, त्याच्यावरून पाय घसरला हेही आठवते. बार निघाला तेव्हा नळी वर होती का आडवी झाली होती, हे मले माहीत नाई. जैतू शंभर पावलांवर होता. झाडात गोळी नाई म्हणाले, तेव्हाच मी समजलो." भाजीचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं. "आता यंत्रानंही नाई म्हटलं तं मंग माया जवळ संशयही नाई राहात. राहू दे तेवढा."

मला तोवर वाटत होतं, जग माझ्या बापावर संशय घेतं. माझा बाप स्वतःवरच घेतो आहे, हे मला माहीत नव्हतं. मी उठून आत गेले आणि नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन त्यांच्या हातात पेन दिलं. मी हट्टी आहे, आणि हे त्यांच्याकडूनच आलं आहे. त्यांनी सही केली, पण त्या दिवसापासून या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही, असं मला बजावलं.

नात्यामुळे तपासणी माझ्या हातात असणं शक्यच नव्हतं. ती फिरोज काझीकडे गेली. फिरोज माझ्याबरोबर पंधरा वर्षं आहे, धातूतला दर्दी आणि लाकडातला पूर्ण अडाणी. द्राव माझा म्हणून मला सोबत जायची परवानगी मिळाली, तीही 'कशाला हात लावणार नाही' असं लिहून देऊन.

फेब्रुवारीत आम्ही गावात पोचलो. ग्रामसभेची परवानगी आधीच आली होती, पण झाड ज्यांच्या मालकीचं त्यांची लागणारच. जंगलात उभा असला तरी इकडे एकेक मोह एकेका घराचा असतो. फुलं त्या घरानंच वेचायची. कागदांनुसार हा मोह होता जैतूच्या बायकोचा, रायबाईचा.

रायबाई पन्नाशीच्या आतबाहेरची, काटक. मी कोण आहे हे फिरोजनं सांगायच्या आधी मीच सांगून टाकलं. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"नाकेदाराची पोरगी होय तू? तुया बापाले मी किती शिव्या देल्या, माहीत हाय?"

"नाही."

"रोज. फुलं वेचता वेचता." मग तिनं चूल सारखी केली. "पेज घ्या. मंग पाहा काय पाहाचं ते."

पंचनाम्यात झाडाचं नाव, गट क्रमांक, नाल्यापासूनचं अंतर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. 'कुमरे यांचा मोह'. फिरोजनं यंत्राची कडी बुंध्याभोवती बसवली आणि बोटबोट वर सरकवत पंचवीस फुटांपर्यंत नेली. दुपार गेली. पडद्यावर चार खिळे दिसले, एक विळ्याचं तुटकं टोक दिसलं, आणि खाली कोणीतरी ठोकलेली नाल. गोळी नव्हती. फिरोजनं पुन्हा एकदा सगळं वरून खाली तपासलं. त्याला स्वतःला गरज नव्हती, ते माझ्यासाठी होतं.

मी झाडाखाली बसले. घरी जाऊन सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातातला शेवटचा संशय काढून घ्यायचा होता, आणि ते काम मी हट्टानं ओढवून घेतलं होतं. अकरा वर्षं कशासाठी घातली, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

रायबाई लांबून सगळं पाहत होती. ती जवळ आली. "काऊन रडून रायली वं?"

"गोळी नाही मावशी. बाबा म्हणायचे, बाईच्या मोहात गेली असंल. नाही गेली."

"कोनाच्या मोहात?"

"बाईच्या. तुमच्या."

तिनं नाल्याकडे हात केला. "हा माया मोह नाई ना! हा कुमऱ्यायचा. माया सासऱ्याचा. माया मोह तं नाल्यापलीकडं, उतारावर. माया बापानं लग्नात आंदन देला मले."

मी खटल्याचे कागद पुन्हा उघडले. बाबांच्या जबाबात शब्द होते, 'मी बाईच्या मोहाखाली उभा होतो'. पुढच्याच पानावर पंचांनी लिहिलं होतं, 'कुमरेबाईच्या, म्हणजे कुमरे यांच्या मोहाची पाहणी केली'. जैतूचा देह कुमऱ्यांच्या मोहाखाली सापडला होता, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. इकडे मुलीला लग्नात आंदण म्हणून मोहाचं झाड देतात. ते झाड सासरच्यांचं होत नाही, मरेपर्यंत तिचंच राहतं. बाबा बारा वर्षं त्या हद्दीत फिरलेले, त्यांना 'बाईचा मोह' म्हणजे कोणता हे वेगळं सांगायची गरज वाटली नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या फौजदाराला बाईची म्हणून वेगळी काही वस्तू असू शकते, हे सुचलंच नव्हतं. आणि कोठडीत बसलेल्या बाबांना एवढंच कळलं की झाड पाहिलं, गोळी नाही.

"मावशी, तुम्ही हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"मले कोन पुसलं? मी बाळंतीन होती. त्याच राती पोरगी झालती. मले घरात येऊन सांगतलं, नाकेदारानं मारलं. बस."

आणि मी? मीही कागदावरच विसंबले होते. अकरा वर्षांत एकदाही बापाला, 'कुठला मोह?' असं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाला ओलांडला. आंदणाचा मोह थोराड होता, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. कडी वर चढत गेली. सहा फूट, आठ, दहा. बारा फुटांवर फिरोजनं हात वर केला. पडद्यावर, सालीपासून वीतभर आत, करंगळीच्या पेराएवढी एक पांढरी रेघ होती. टोक वरच्या दिशेला.

"खिळा नाहीये," तो म्हणाला. मग त्याच्यातला तपासनीस जागा झाला. "पण थांब. एकोणीस वर्षांत झाड वाढलं असेल. तेव्हा छातीच्या उंचीवर असेल, आता वर गेली असेल."

रायबाई पदर तोंडाला लावून हसली. "साहेब, हे पाहा." तिनं बुंध्यावरची एक खाच दाखवली, गुडघ्याच्या उंचीवर. "लग्न होऊन आली तवा चढाले पाय ठेवाले मीच कुऱ्हाडीनं केलती. तवा बी गुडघ्याएवढीच होती. झाडाचा गुडघा कोठी वर जाते का?"

खरंच आहे ते. झाड उंच होतं ते फक्त शेंड्यांना. खालचा बुंधा नुसता जाड होत जातो. जिथे खिळा ठोकला तिथेच तो राहतो, फक्त आत आत जातो. बारा फुटांवरची गोळी पहिल्या दिवसापासून बारा फुटांवरच होती, आणि वर चढत निघालेली गोळी शंभर पावलांवरच्या माणसाच्या छातीतून जाऊन तिथे पोचू शकत नाही.

पण ती बाबांचीच गोळी कशावरून? ते सिद्ध झालं नाही तर संशय जागचा हलणार नव्हता. ती काढायलाच हवी होती. आणि इथे मला तोंड उघडणं भाग होतं.

"मावशी, माझा द्राव मेलेल्या लाकडासाठी आहे. जिवंत झाडात रस वाहतो, त्याच्याबरोबर तो वर जातो. आतापर्यंत तीन जिवंत झाडांवर वापरला. दोन जगली. एक वर्षभरात वाळलं. मोहावर कधीच वापरलेला नाही."

 मी तिच्यासमोरच फोन स्पीकरवर टाकून बाबांना झाड, उंची, सगळं सांगितलं. 

"बाईचं आंदन हाय ते," ते म्हणाले. "हात नको लावू. बारा फूट म्हणतेस ना? मले तेवढं पुरे."

"बाबा, कोर्टाला पुरे नाही."

"कोर्टाले घेऊन मी काय करू? तिनं एक मानूस गमावला, आता झाडही गमवू का म्हणतेस?"

रायबाईनं माझ्या हातातून फोन घेतला. एकोणीस वर्षांत ती दोघं पहिल्यांदा बोलत होती.

"नाकेदार, तुमी गप राहा. झाड माया हाय. मानूस माया गेला. कोनं मारलं हे मले येका कागदानं सांगतलं होतं, तो कागद भलत्याच झाडाखाली बसून लिवला होता. आता खरा कागद पायजे मले. मी इतले वर्सं शिव्या देल्या, त्या बरोबर मानसाले देल्या का नाई, मले नको का कळाले?" तिनं फोन मला परत दिला. "पाड भोक."

पानगळ सुरू होती, म्हणजे झाडात रस सगळ्यात मंद. त्यातल्या त्यात बरा काळ तो. फिरोजनं गोळीच्या खालून तिरकी दोन भोकं घेतली, एकातून द्राव आत जायला, दुसऱ्यात काचेची नळी. नऊ दिवस आम्ही गावातच राहिलो. रायबाई रोज पेज घेऊन यायची आणि झाडाला हात लावून बसायची.

"दुखत असंल का वं त्याले?"

"मज्जातंतू नसतात मावशी, दुखत नसावं." मग मला खोटं बोलवेना. "माहीत नाही."

नवव्या दिवशी सकाळी लगदा सरकला आणि काचेत काहीतरी टिचकन वाजलं. लाकडातल्या रसानं काळीहिरवी झालेली, पण टोकापासून बुडापर्यंत अखंड. फिरोजनं लगेच मिठाचं पाणी सोडलं आणि भोकं मेण लावून बुजवली. रायबाईला गोळी हातात देता येत नव्हती, म्हणून त्यानं नळीच तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"इतलीशी?" ती म्हणाली. तिनं दोनतीनदा तेच विचारलं.

नागपुरात पोचल्यावर फिरोजनं प्रयोगशाळेचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं. ते बरोबरच होतं, तरी मी त्याला मनातल्या मनात भरपूर सुनावलं. खटल्याच्या वेळी बाबांच्या रायफलीतून हौदात झाडलेली गोळी पुराव्याच्या कोठारात अजून होती. हिरव्या थराखालचे ओरखडे वाचणारं यंत्र त्याच्याकडे आहे. चार दिवस तो माझ्याशी हवापाण्याशिवाय काही बोलला नाही. पाचव्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"अहवाल मी तुला सांगू शकत नाही. तो टपालानंच जाईल." त्यानं माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली. "पण आज लवकर घरी जा. बाबांजवळ बस."

टपाल दोन दिवसांनी आलं. बाबांनी अहवाल उभ्यानंच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. गोळी त्यांच्याच रायफलीची होती. उंची बारा फूट चार इंच. मयताच्या जखमेशी तिचा संबंध असणं अशक्य.

"म्हणजे मी वरच धरली होती," ते म्हणाले.

"हो बाबा."

"पाय घसरला, तरी वरच धरली होती."

"हो."

"मी नाई मारलं त्याले." हे वाक्य त्यांनी कोर्टात सांगितलं असेल, पण स्वतःला सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं.  मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं, लहानपणी ते माझं धरत तसं, आणि आम्ही दोघंही रडलो. शेजारच्या बाईंना वाटलं, कोणी गेलं. त्या धावत आल्या. त्यांना चहा करून द्यावा लागला.

कोर्टानं बाबांना निर्दोष ठरवलं तोवर एप्रिल उजाडला होता. जैतूला मारणारी गोळी कोणाची, याचा तपास पोलिसांना नव्यानं उघडावा लागला. त्या काळी नाल्यात लाकूडचोर आणि शिकारी दोन्ही असत, पण नाकेदार हाती लागल्यावर त्यांना कोणी शोधलं नव्हतं. आता मी दर आठवड्याला पोलिसांना फोन करते आणि ते मला कंटाळले आहेत.

मग रायबाईचा निरोप आला. 'नाकेदाराले आन.'

बाबा जायला तयार होईनात. निर्दोष सुटलेला माणूस एवढा घाबरलेला मी पाहिला नाही. तीनदा सदरा बदलला. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि जंगल लागल्यावर एकेका झाडाचं नाव स्वतःशीच घेत होते.

सकाळी सहाच्या सुमारास आम्ही नाला ओलांडला. आंदणाच्या मोहाखाली फुलांचा सडा होता, पण अर्धाच. भोकं घेतली होती त्या बाजूच्या दोन मोठ्या फांद्यांना यंदा फूल नव्हतं. त्या बहुधा जाणार. बाकीचं झाड नेहमीसारखं टपटपत होतं. रायबाई टोपली घेऊन वेचत होती. बाबांना पाहून उठली आणि हातातली फुलं तिनं टोपलीत टाकली.

"बाई, तुमचं झाड..." बाबांनी सुरुवात केली.

"अर्धं हाय ना. मले येकटीले किती लागते?" तिनं टोपली खाली ठेवली. "बसा. मले तुमाले येक पुसाचं हाय. खून केलेल्या मानसाले पुसता येत नोहोतं. आता येते."

बाबा बसले. मी थोडी लांब बसले, पण ऐकू येत होतं.

"त्या दिवशी पोरीच्या बापासंग शेवटचे तुमीच बोलले. नाई का?"

बाबांनी मान हलवली. "वकील म्हणाला, बोललो म्हणून सांगू नका. बोलणं झालं म्हणजे भांडण झालं, असं म्हणतील. म्हणून कोठीच नाई सांगितलं."

"काय म्हनत होता?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरगी झाली, तो आत आला, पाह्यलं, अन् येक शब्द न बोलता चालला गेला. मी डोये मिटून पडली होती, पन जागी होती. मले वाटलं, पोरगी झाली म्हून रागावला. मंग तो आलाच नाई. इतले वर्सं मी तेच धरून बसली. पोरगी आता गोंदियाले नर्सिंग शिकते, तिले बी कधी सांगतलं नाई, तुया बाप तुले पाहून काय म्हनला ते. काय सांगू? काहीच नोहोता म्हनला."

 बाबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला माझ्या लहानपणचा माणूस दिसला.

"रागावला? अवो बाई, फुलं दिसावी म्हणून त्यानं दोन्ही मोहाखालचा पाला पेटवला होता, त्याच्यावरून मी इथं त्याले ओरडून रायलो होतो, अन् तो नुसता हासत होता. म्हणे, साहेब, आज कितीबी बोला, आज मले लागत नाई. घरी पोरगी आली. नाक म्हणे माया मायसारखं हाय, चपटं. मी म्हणलं, मंग घरी राह्याचं सोडून इथं काऊन आला? तं म्हणे, बाई रातभर कळा सोसून आता निजली, तिचा डोळा लागला. मी बोललो असतो तं उठली असती. सुईणीलेही गप केलं म्हणे. ती उठाच्या आत फुलं वेचून, आग विझवून घरी जातो. अन् खरंच त्यानं माया समोर इथली आग विझवली, अन् तिकडली विझवाले म्हणून त्या मोहाकडं गेला. गाणं म्हणत गेला."

रायबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडते आहे की हसते आहे हे मला कळेना. बाबांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग तिची टोपली जवळ ओढून फुलं वेचायला लागले.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याजवळ सरकून बसली.

"पुना सांगा, नाकेदार," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. हासत होता म्हनले ना?"